फाइलवर चार अ‍ॅलर्जी, खरी मात्र पाचवीच : एक प्रकरण अभ्यास

पुढील प्रकरण कोणा एका व्यक्तीचे नाही. कोकणातल्या बाह्यरुग्ण विभागात पुन्हा पुन्हा समोर येणाऱ्या तक्रारी एकाच रुग्णाच्या नावे गुंफून ते अभ्यासासाठी रचले आहे. त्यातील लक्षणे, तपासण्या आणि निर्णय मात्र रोजच्या वैद्यकीय व्यवहाराला धरून आहेत.

रुग्ण ३६ वर्षांच्या शिक्षिका, वजन ५८ किलो, राहणार चिपळूण तालुक्यातील एका गावात. पित्ताशयात खडे झाल्यामुळे दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करायचे ठरले होते. भूलतज्ज्ञांनी फाइल उघडली, तेव्हा पहिल्याच पानावर लाल शाईने लिहिले होते : ‘अ‍ॅलर्जी – दूध, मासे, वांगे, पेनिसिलिन’. शिवाय दोन महिन्यांपूर्वी एका दुपारी जेवणानंतर अंगभर गांधी उठून, श्वास अडकून त्या कोसळल्या होत्या, आणि त्याचे कारण फाइलमध्ये ‘वांगे?’ असे प्रश्नचिन्हासह नोंदवलेले होते. भूलतज्ज्ञांनी शस्त्रक्रिया पुढे ढकलली आणि रुग्णाला फिजिशियनकडे पाठवले. हा निर्णय योग्यच होता, कारण जी रिअ‍ॅक्शन एकदा जिवावर बेतली तिचे कारण माहीत नसताना रुग्णाला भूल देणे धोक्याचे असते.

फाइलवरील चारही शब्द एकाच रांगेत, एकाच शाईने लिहिलेले होते, त्यामुळे ते सारख्याच वजनाचे वाटत होते. प्रत्यक्षात त्यांच्यामागे चार वेगवेगळ्या घटना होत्या आणि त्या घडण्याची शारीरिक कारणेही वेगवेगळी होती. ती उलगडण्यासाठी महागड्या तपासणीपेक्षा तासाभराची विचारपूस अधिक कामाला आली. प्रत्येक पदार्थाविषयी तेच ते विचारले गेले : किती खाल्ले, किती वेळाने त्रास सुरू झाला, नेमके काय झाले, किती वेळात थांबले, तोच पदार्थ आधी किंवा नंतर कधी खाल्ला होता का, सोबत जेवलेल्यांपैकी आणखी कोणाला त्रास झाला का, आणि त्या दिवशी कोणते औषध घेतले होते का.

दूध

दुधाची गोष्ट सर्वांत सोपी होती. गेली आठ-दहा वर्षे पेलाभर दूध घेतले किंवा सणावाराला बासुंदी खाल्ली की तास-दोन तासांनी पोट फुगायचे, गुडगुड व्हायची आणि पातळ शौचाला जावे लागायचे. अंगावर गांधी कधी उठल्या नाहीत, ओठ सुजले नाहीत, दम लागला नाही. दुधाचा चहा चालत असे. दही-ताकाने कधी काही झाले नव्हते. तरीही ‘दुधाची अ‍ॅलर्जी’ असे एकदा लिहिले गेल्यावर त्यांनी ताक, पनीर आणि तूपसुद्धा बंद केले होते.

ही अ‍ॅलर्जी नव्हे. दुधातील लॅक्टोज ही शर्करा लहान आतड्यातील लॅक्टेज नावाचे विकर फोडते आणि त्यातून ग्लुकोज व गॅलॅक्टोज तयार होतात. बहुतेक माणसांमध्ये बालपणानंतर हे विकर कमी होत जाते; जगातील सुमारे दोन तृतीयांश प्रौढांमध्ये ते पुरेसे नसते. न फुटलेली शर्करा मोठ्या आतड्यात उतरते, तेथे पाणी ओढून घेते, आणि तेथील जिवाणू ती आंबवून हायड्रोजन व इतर वायू तयार करतात. रोगप्रतिकार यंत्रणेचा यात काही संबंध नसतो, म्हणूनच त्रास मात्रेवर अवलंबून असतो. १०० मिलिलिटर दुधात साधारण ५ ग्रॅम लॅक्टोज असते, तर चहातल्या चार चमचे दुधात जेमतेम १ ग्रॅम. विकर कमी असलेल्यांनाही एका वेळी सुमारे १२ ग्रॅमपर्यंत लॅक्टोज सहसा फारसा त्रास न होता पचते. बासुंदीत दूध आटवून निम्म्यावर आणलेले असते, त्यामुळे एका वाटीत दोन वाट्या दुधाची शर्करा पोटात जाते. दह्याच्या विरजणातले जिवाणू काही लॅक्टोज स्वतःच संपवतात, पनीरमधले बरेचसे निवळीबरोबर निघून जाते, आणि तुपात ते जवळजवळ नसतेच.

दुधाची खरी अ‍ॅलर्जी दुधातील प्रथिनांची, म्हणजे केसीन आणि निवळीतील प्रथिनांची असते. तिच्यात गायीचे दूध बाधते म्हणून म्हशीचे किंवा शेळीचे द्यावे, हा उपाय बहुधा उपयोगी पडत नाही, कारण ही प्रथिने एकमेकांशी बरीच मिळतीजुळती असतात. अशा रुग्णाला चमचाभर ताकानेही त्रास होऊ शकतो. आपल्या रुग्णाच्या बाबतीत तसे काही नव्हते. श्वासातील हायड्रोजन मोजण्याची तपासणी जवळपास उपलब्ध नसल्याने दोन आठवडे दूध पूर्ण बंद ठेवून नंतर ठरावीक मापाने पुन्हा सुरू केले गेले. दीडशे मिलिलिटरपर्यंत काही झाले नाही, पूर्ण पेला घेतल्यावर पोट फुगले. दही, ताक, पनीर आणि तूप त्याच दिवसापासून सुरू करण्यास सांगितले. बासुंदीनंतर उजव्या बरगडीखाली येणारी कळ मात्र यात धरली नाही. ती स्निग्ध पदार्थांनंतर आकुंचन पावणाऱ्या, खडे असलेल्या पित्ताशयाची होती. एकाच वाटीमुळे होणारे हे दोन त्रास रुग्णाने इतकी वर्षे एकत्रच मोजले होते.

पेनिसिलिन

पेनिसिलिनचा शिक्का वयाच्या सातव्या वर्षी बसलेला. ताप आणि घसादुखीसाठी अमॉक्सिसिलिन हे पेनिसिलिन गटातले औषध सुरू होते. पाचव्या दिवशी छाती-पाठीवर सपाट लालसर पुरळ आले, खाज फारशी नव्हती, आणि आठवड्याभरात ते आपोआप गेले. आईने तेव्हापासून प्रत्येक डॉक्टरला ‘हिला पेनिसिलिन चालत नाही’ असे सांगितले, आणि आईच्या जागी कोणीही असते तरी तेच केले असते. परंतु लहान मुलांच्या विषाणूजन्य तापात असे पुरळ औषध न घेताही उठते, आणि औषध चालू असले की दोष औषधावर जातो. अमेरिकेत सुमारे दहा टक्के लोकांच्या नावापुढे पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी लिहिलेली असते. रीतसर तपासणी केल्यावर त्यांतील नव्वद टक्क्यांहून अधिक जणांना हे औषध चालते, असे आढळले आहे. खरी अ‍ॅलर्जी असलेल्यांमध्येही ती कायम राहतेच असे नाही. दहा वर्षांनंतर बहुतेकांमध्ये ती मावळलेली असते.

या रुग्णाच्या फाइलमध्येच एक निर्णायक पुरावा दडलेला होता. सहा वर्षांपूर्वी दाढ काढल्यानंतर दंतवैद्यांनी लिहून दिलेल्या चिठ्ठीवर एका ब्रँडचे नाव होते. ते अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्युलॅनिक आम्ल यांचे मिश्रण होते. रुग्णाने ते पाचही दिवस घेतले होते आणि त्यांना त्या काळात फक्त जुलाब झाले होते. पुढच्या भेटीत त्यांनी हे सांगितल्यावर कोणीतरी ‘पेनिसिलिन – पुन्हा रिअ‍ॅक्शन’ असे लिहून शिक्का अधिक गडद केला. वास्तविक या मिश्रणाने जुलाब होणे हा औषधाचा ओळखीचा दुष्परिणाम आहे. तो कोणालाही होऊ शकतो, मात्रेनुसार कमी-जास्त होतो आणि औषध थांबताच थांबतो. पाच दिवस औषध घेऊनही गांधी उठल्या नाहीत किंवा दम लागला नाही, यावरून अ‍ॅलर्जी नसल्याचेच दिसत होते. ज्या घटनेने शिक्का पुसायला हवा होता तिनेच तो पक्का केला, याचे मला फार वाईट वाटते, कारण हे आपल्याकडे रोज घडते.

शस्त्रक्रियेच्या दृष्टीने याला महत्त्व होते. शस्त्रक्रियेपूर्वी संसर्ग टाळण्यासाठी सेफाझोलिन हे पेनिसिलिनशी नाते असलेले प्रतिजैविक देण्याची पद्धत आहे, आणि पेनिसिलिनचा शिक्का दिसला की ते टाळून दुसरी, अनेकदा कमी योग्य औषधे निवडली जातात. अशा रुग्णांमध्ये जखमेत संसर्ग होण्याचे प्रमाण अधिक असल्याचे अमेरिकेतील अभ्यासांत दिसले आहे. सेफाझोलिनच्या रेणूची बाजूची साखळी पेनिसिलिन गटातील कोणत्याही औषधाशी जुळत नाही, त्यामुळे ते तसेही बहुतेक वेळा सुरक्षित ठरते. या रुग्णाला रुग्णालयात देखरेखीखाली अमॉक्सिसिलिनची एक मात्रा तोंडाने देऊन दोन तास बसवून ठेवले; काही झाले नाही आणि शिक्का अधिकृतपणे काढला गेला. ही चाचणी घरी करण्याची नाही. आणि पूर्वी ज्यांच्या तोंडात फोड आले होते, त्वचा सोलून निघाली होती किंवा यकृताला इजा झाली होती, अशांवर ती मुळीच करायची नसते.

बांगडा

मासे बंद होण्यामागची घटना चार वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली. घरात कार्य होते, पहाटे बाजारातून पाटीभर बांगडे आणले होते, पण स्वयंपाकाची गडबड असल्याने ते बर्फाविना पडवीत तसेच राहिले आणि दुपारी त्यांचे तिखले झाले. जेवून अर्धा तास होतो न होतो तोच रुग्णाचा चेहरा आणि मान लालबुंद झाली, डोके ठणकू लागले, छातीत धडधड सुरू झाली आणि जिभेला मिरी चावल्यासारखी आग झाली. घरातल्यांनी नेहमीप्रमाणे पित्त उठले म्हणून अंगाला आमसुलाचे पाणी लावले आणि मग दवाखान्यात नेले. तेथे इंजेक्शनने तासा-दोन तासांत बरे वाटले. चिठ्ठीवर ‘माशांची अ‍ॅलर्जी’ लिहिले गेले आणि खाडीकाठी राहणाऱ्या या कुटुंबात एका व्यक्तीचे ताट त्या दिवसापासून वेगळे झाले.

या वेळी एक प्रश्न विचारला गेला, जो चार वर्षांत कोणीच विचारला नव्हता : त्या दिवशी आणखी कोणाला काही झाले होते का? रुग्णाने थोडा विचार केला. नणंदेचा चेहरा लाल झाला होता, पण ते उन्हामुळे असेल असे सगळ्यांना वाटले. शेजारच्या काकूंना जुलाब झाले होते. एकाच पंक्तीत तिघींना एकाच दिवशी माशांची अ‍ॅलर्जी सुरू झाली, ही शक्यता फारच दूरची आहे. दोष माणसांत नसून माशांत होता.

बांगडा, तारली, सुरमई, कुपा अशा गडद मांसाच्या माशांत हिस्टिडिन हे अमिनो आम्ल भरपूर असते. मासा मेल्यानंतर तो लगेच थंड केला नाही, तर त्यावरील काही जिवाणू या हिस्टिडिनपासून हिस्टामिन बनवू लागतात. अ‍ॅलर्जीत आपल्याच पेशी जे रसायन सोडतात तेच हे रसायन, फक्त येथे ते ताटातून पोटात जाते. त्यामुळे लक्षणे हुबेहूब अ‍ॅलर्जीसारखी दिसतात आणि अ‍ॅलर्जीच्या औषधानेच शमतात, आणि डॉक्टरही फसतात. हिस्टामिन उकळून, तळून किंवा नंतर गोठवून नष्ट होत नाही. मासा दिसायला आणि वासाला ठीक असूनही त्यात ते असू शकते. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांनुसार माशात किलोमागे २०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त हिस्टामिन नसावे. त्यावर उपाय एकच, तो म्हणजे मासा जाळ्यातून निघाल्यापासून चुलीवर जाईपर्यंत बर्फात ठेवणे. कोळीण पाटीत बर्फ घालते ते मासा ताजा दिसावा एवढ्यासाठीच नाही, हे गिऱ्हाइकानेही ध्यानात ठेवून घरी नेताना बर्फ मागून घ्यायला हवा.

माशांची खरी अ‍ॅलर्जी नसतेच, असा याचा अर्थ नाही. उलट अन्नाच्या अ‍ॅलर्जीच्या अभ्यासाचा एक पायाच माशावर उभा आहे. १९२१ साली जर्मनीतील ब्रेस्लाऊ येथे हाइन्झ क्युस्टनर या डॉक्टरांना शिजवलेले मासे बाधत असत. त्यांच्या रक्तातील द्रव त्यांचे सहकारी कार्ल प्राउसनित्झ यांनी स्वतःच्या त्वचेत टोचून घेतला आणि नंतर त्याच जागी माशाचा अर्क टोचला, तेव्हा प्राउसनित्झ यांच्या त्वचेवर तेथेच गांध उठली. रक्तातील ज्या घटकामुळे हे घडले त्याची ओळख पटायला १९६०च्या दशकाची अखेर उजाडली. आज त्याला आपण आयजीई प्रतिपिंड म्हणतो. हे प्रतिपिंड मास्ट पेशींवर चिकटून बसलेले असतात, ठरावीक प्रथिन आले की या पेशी हिस्टामिनसारखी रसायने सोडतात, आणि काही मिनिटांत, फार तर दोन तासांत, अंगभर परिणाम दिसतो. एवढ्यासाठी पदार्थ भरपूर खावा लागत नाही.

रुग्णाच्या त्वचेवर ताज्या बांगड्याची टोचणी चाचणी केली (पदार्थ त्वचेत हलकेच टोचून गांध उठते का ते पाहतात), ती नकारात्मक आली. नंतर रुग्णालयात, अ‍ॅड्रेनलीन हाताशी ठेवून, बर्फात ठेवलेला ताजा बांगडा शिजवून थोड्या थोड्या वाढत्या मात्रेने खायला दिला. शेवटचा तुकडा संपल्यावर दोन तास काहीच झाले नाही.

वांग्याची भाजी

आता उरले वांगे, आणि दोन महिन्यांपूर्वीची ती दुपार. वांग्याने घशात, जिभेवर खाजते अशी तक्रार महाराष्ट्रात घरोघरी ऐकू येते आणि ती खोटीही नसते. म्हैसूरमध्ये ७४१ जणांच्या पाहणीत, जी २००८ साली प्रसिद्ध झाली, ९.२ टक्के लोकांना वांगे बाधत असावे असे दिसले होते. तपासणीत आयजीईमुळे होणारी अ‍ॅलर्जी मात्र फक्त ०.८ टक्क्यांत आढळली. वांग्यातच हिस्टामिन आणि इतर क्षोभक द्रव्ये असल्याने बहुतेकांची खाज तेवढ्यावरच थांबते. कोसळण्याइतकी रिअ‍ॅक्शन वांग्याने यावी, हे असंभव नाही, पण विरळाच. म्हणून प्रश्न वांग्यावर न थांबता भाजीपर्यंत गेले.

“ताई, वांग्याचं भरीत कधी खाल्लंत?”

“माहेरी खायचे की. भरीत, भरली वांगी, काही नाही झालं. सासरी आल्यावर सुरू झालं.”

“त्या दिवशीच्या भाजीत काय काय होतं?”

“नेहमीचंच. वांगी, बटाटा, कांदा-खोबऱ्याचं वाटण. आणि सासूबाई घालतात ते सोडे.”

“सोडे? पण तुम्ही तर मासे बंद केले होते.”

“मासे बंदच आहेत, डॉक्टर. सोडे काय, चवीपुरते असतात.”

या एका वाक्यात संपूर्ण प्रकरणाचा उलगडा होता. सोडे म्हणजे सोललेली वाळवलेली कोळंबी. रुग्णाने चार वर्षे पापलेट, बांगडा, सुरमई यांचा एक तुकडाही तोंडात घातला नव्हता, कारण फाइलवर ‘मासे’ लिहिले होते. आणि त्याच फाइलच्या भरवशावर त्या सोडे घातलेली भाजी, जवळ्याची चटणी असे सगळे खात होत्या, कारण घरात कोणीच त्याला मासे समजत नव्हते. गेल्या दोन वर्षांत अशा भाजीनंतर दोनदा ओठ खाजले होते आणि हातावर गांधी उठल्या होत्या. दोन्ही वेळा संशय वांग्यावर गेला आणि फाइलवर चौथा शब्द वाढला. चुकीच्या शिक्क्याने निष्पाप पदार्थ तर ताटातून गेलाच, पण खरा अपराधी त्याच ताटात राहिला. प्रकरण अभ्यासासाठी निवडण्याचे माझे मुख्य कारण हेच आहे.

लहानपणी कोळंबी चालत असूनही मोठेपणी अ‍ॅलर्जी कशी, असे रुग्णाने विचारले. कोळंबी-खेकड्यांची अ‍ॅलर्जी अनेकदा प्रौढ वयातच सुरू होते. तिच्यामागचे मुख्य प्रथिन ट्रोपोमायोसिन. ते उष्णतेने किंवा वाळवण्याने मोडत नाही, त्यामुळे ताजी कोळंबी, सोडे आणि जवळा यांत फरक पडत नाही. काहींना शिजत्या कोळंबीच्या वाफेनेही शिंका आणि दम लागतो. हेच प्रथिन थोड्या फरकाने घरातील धुळीतल्या सूक्ष्म कीटकांत आणि झुरळांतही असते. या रुग्णाला वर्षानुवर्षे सकाळी उठल्या उठल्या शिंका येत होत्या, हेही त्याच्याशी जुळणारे होते. माशांतील मुख्य प्रथिन मात्र अगदी वेगळे, त्याचे नाव पार्व्हअल्ब्युमिन. म्हणून कोळंबी न चालणाऱ्या माणसाला पापलेट चालू शकते.

तरीही एक प्रश्न राहतोच : आधी दोनदा फक्त गांधी उठल्या, मग त्या दुपारी एवढे का झाले? त्या दिवशी सकाळी पाळीच्या दुखण्यासाठी त्यांनी वेदनाशामक गोळी घेतली होती, आणि जेवल्याबरोबर त्या देवळाची चढण चढून गेल्या होत्या. वेदनाशामक गोळ्या, जेवणानंतरचे श्रम, मद्य, ताप आणि मासिक पाळी यांमुळे एरवी सौम्य राहणारी अन्नाची अ‍ॅलर्जी तीव्र होऊ शकते; त्या दुपारी यांतील तीन गोष्टी एकत्र आल्या होत्या. जेवणानंतर २५ मिनिटांनी तळहात खाजू लागले, मग अंगभर गांधी उठल्या, आवाज घोगरा झाला, उलटी झाली आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. त्वचा, श्वसन, पोट आणि रक्तदाब असे शरीराचे अनेक भाग मिनिटांत सापडले की ती अ‍ॅनाफिलॅक्सिस, आणि तिच्यावर पहिले औषध अ‍ॅड्रेनलीनच. रुग्णाला आधी अ‍ॅलर्जीचे आणि स्टेरॉइडचे इंजेक्शन मिळाले, अ‍ॅड्रेनलीन दुसऱ्या ठिकाणी पोहोचल्यावर मिळाले आणि त्यानंतरच रक्तदाब वर आला. अ‍ॅलर्जीच्या गोळ्या-इंजेक्शनांनी खाज थांबते, पण त्यांनी घशाची सूज किंवा कोसळणारा रक्तदाब सावरत नाही.

तपासणीपूर्वी एक तयारी आवश्यक होती. रुग्ण भीतीपोटी रोज सेटिरिझिन ही खाज-गांधी थांबवणारी गोळी घेत होत्या. ते एक आठवडा बंद ठेवले, नाहीतर टोचणी चाचणी खोटी नकारात्मक येते. भिजवलेल्या सोड्यांच्या टोचणीने ९ मिलिमीटरची गांध उठली. वांग्याने काही उठले नाही. रक्तातील कोळंबीविरुद्धचे आयजीई वाढलेले होते. इतिहास एवढा स्पष्ट आणि तीव्र असताना कोळंबी खायला देऊन खात्री करण्याची गरज नव्हती, आणि ते योग्यही झाले नसते. वांग्याचे भरीत मात्र रुग्णालयातच खायला दिले, आणि ते सोसले.

लाल-हिरव्या रकान्यांचा अहवाल

फाइलमध्ये आणखी एक जाडजूड अहवाल होता. कोसळण्याच्या घटनेनंतर घाबरून कुटुंबाने एका प्रयोगशाळेत ‘फूड इन्टॉलरन्स पॅनेल’ करून घेतले होते. त्यात गहू, तूरडाळ, नारळ, टोमॅटो असे कितीतरी पदार्थ लाल रकान्यात होते, आणि दोन महिन्यांत रुग्णाचे वजन चार किलोने उतरले होते. ही तपासणी आयजीजी या दुसऱ्याच प्रकारच्या प्रतिपिंडांची होती. आयजीजी हे आपण तो पदार्थ खात आलो आहोत याचे चिन्ह आहे. कोकणातल्या माणसात नारळाविरुद्ध आयजीजी सापडले नाही तरच नवल. अन्नाच्या अ‍ॅलर्जीसाठी किंवा ते न सोसण्यासाठी ही तपासणी करू नये, असे युरोपीय अ‍ॅलर्जी संघटनेने २००८ सालीच स्पष्ट सांगितले आहे. तरीही ती विकली जाते आणि तिच्या नादी लागून माणसे कुपोषित होतात, याचा मला मनापासून राग येतो.

आयजीईची तपासणीही इतिहासाशिवाय वाचली तर दिशाभूल करते. कर्नाटकातील प्रौढांच्या पाहणीत, जी २०१६ साली प्रसिद्ध झाली, २६.५ टक्के लोकांच्या रक्तात कोणत्या ना कोणत्या अन्नाविरुद्ध आयजीई सापडले; संभाव्य अन्न-अ‍ॅलर्जी मात्र १.२ टक्केच होती. म्हणजे रक्तात आयजीई सापडलेल्या बहुसंख्य लोकांना तो पदार्थ खाऊन काहीही होत नव्हते. त्यामुळे जे खाऊन त्रास झाला त्याचीच तपासणी करावी, यादीभर पदार्थांची करू नये. लाल रकान्यातील सगळे पदार्थ रुग्णाने पुन्हा सुरू केले.

पुढची व्यवस्था

जुने पान काढून नवे पान लावले. त्यावर चार नोंदी आहेत : कोळंबी व खेकडा गट (ताजे किंवा सुके) – अ‍ॅनाफिलॅक्सिस, पूर्ण वर्ज्य; दूध – लॅक्टोज कमी पचते, अ‍ॅलर्जी नाही; मासे व वांगे – चालतात; पेनिसिलिन – तपासून शिक्का काढला, तारखेसह. घरी काय टाळायचे ते रुग्णाला पदार्थांच्या नावाने लिहून दिले, कारण ‘शेलफिश’ म्हटले तर सासूबाईंना त्यातून काही कळणार नव्हते : कोळंबी, करंदी, सोडे, जवळा, कोळंबीचे लोणचे, चिंबोरी, शेवंड. तिसऱ्या, कालवे आणि माकूल यांचा गट वेगळा आहे, पण त्यांतही ट्रोपोमायोसिन असते. त्यांचा निर्णय स्वतंत्र तपासणीनंतर घ्यायचा आणि तोवर ते टाळायचे. सुके बोंबील मासाच आहेत, पण बाजारात ते सोड्यांच्या राशीशेजारी, त्याच हातांनी आणि त्याच मापाने दिले जातात. म्हणून सुकी मासळी बाहेरची नको. खाणावळीत मासा तळायला कोळंबीचाच तवा वापरला आहे का, हे विचारायचे. पाकीटबंद पदार्थांवर कवचधारी जलचर असल्यास तसे छापणे भारतातील २०२० च्या लेबल नियमांनुसार बंधनकारक आहे. सुट्या मालावर मात्र कोणतेच लेबल नसते.

आपल्याकडे अ‍ॅड्रेनलीनचे आपोआप टोचणारे पेन सहज मिळत नाही. म्हणून रुग्णाला आणि त्यांच्या पतीला १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरची अ‍ॅम्पूल आणि सिरिंज दिली, आणि मांडीच्या बाहेरच्या मधल्या भागात, स्नायूत, अर्धा मिलिलिटर कसे द्यायचे हे पाण्याच्या अ‍ॅम्पूलवर त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा करून घेतले. अ‍ॅम्पूलचे तोंड तोडताना पतीचा हात थरथरत होता. तो स्थिर होईपर्यंत त्यांना जाऊ दिले नाही. दम किंवा घोगरा आवाज, भोवळ, किंवा गांधींबरोबर उलट्या दिसल्या की आधी इंजेक्शन, मग आडवे झोपवून पाय उंच, दम असेल तर टेकून बसवणे, मग गाडी; पाच मिनिटांत फरक नसेल तर दुसरी मात्रा. बरे वाटले तरी रुग्णालयात जायचेच, कारण काही तासांनी लक्षणे परतू शकतात. वेदनाशामक गोळी घेण्याच्या दिवशी बाहेरचे जेवण टाळायचे.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी परिचारिकेने विचारले की कोळंबीची अ‍ॅलर्जी असताना पोटाला आयोडीनचे औषध लावावे का. हा समज सर्वत्र आहे आणि तो निराधार आहे. अ‍ॅलर्जी कोळंबीतील प्रथिनाची असते, आयोडीनची नसते. आयोडीन लावले, सेफाझोलिन दिले आणि शस्त्रक्रिया नेहमीप्रमाणे पार पडली.

टाके पाहायला आल्या तेव्हा रुग्णाने नऊ वर्षांच्या मुलीविषयी विचारले. ती कोळंबी आवडीने खाते, तिला कधी काही झाले नाही. तिची तपासणी करून घ्यावी का, की आतापासूनच बंद करावी? उत्तर दोन्हींना नकारार्थी होते. जे मूल एखादा पदार्थ निर्धास्त खात आहे त्याची त्या पदार्थासाठी तपासणी केली, तर निरर्थक आयजीई सापडून तिच्याही फाइलवर नवा शिक्का बसण्याचाच संभव अधिक. तिने कोळंबी खात राहावी, मात्र ती आजोळी किंवा मैत्रिणीकडे खावी, घरच्या कढईत ती शिजू नये, आणि खाऊन आल्यावर आईजवळ जाण्यापूर्वी साबणाने हात धुऊन चूळ भरावी, एवढेच सांगितले.